कारागृहातील प्रौढशिक्षण

शिक्षा भोगणाऱ्या अथवा न्यायचौकशी चालू असलेल्या प्रौढ बंद्यांस कारागृहातच लेखन, वाचन व अंकगणित शिकविण्याची व्यवस्था. कारागृहाचा हेतू दंड की सुधारणा, या वादाशी तिचा इतिहास निगडित आहे. इंग्लंडमध्ये १८२३ च्या कायद्याने बंद्यांस लेखन-वाचन शिकविण्याची तरतूद झाली. भारतात मात्र मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंग समितीने १८३८ मध्ये शिक्षणाद्वारे गुन्हेगार सुधारण्याची कल्पनाच नाकारली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९१९–२०) सुधारणा हे कारावासाचे एक उद्दिष्ट मानले, तेव्हा शिक्षणास अधिकृत स्थान मिळाले.

प्रत्यक्ष अध्यापनाचा भार मात्र पुष्कळदा बंद्यांनीच उचलला. अंदमानच्या सेल्युलर तुरुंगात वि. दा. सावरकर यांनी निरक्षर सहबंद्यांना शिकविण्याची व ग्रंथसंग्रह वाढविण्याची खटपट केली. धुळे कारागृहात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेवर एकूण १८ प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ही प्रवचने म्हणजे साक्षरतावर्ग नव्हेत. तथापि कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेतील श्रवणाने होणारे लोकशिक्षण त्यांतून तुरुंगात पोहोचले. राजबंद्यांच्या ग्रंथलेखनाचा गौरव यथायोग्य झाला. त्याच भिंतींआड दयेच्या अर्जावर अंगठा उठविणाऱ्या सामान्य बंद्याच्या अक्षरओळखीकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक बिकट होता. हा प्रदेश १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. बाळबोध वाचता येणाऱ्या मराठी शेतकऱ्यासही स्वतःविरुद्धचा निकाल वाचणे दुरापास्त होते. निरक्षराची गोष्टच वेगळी. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर मराठी ही प्रशासनाची भाषा झाली. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) येथील हर्सूल मध्यवर्ती कारागृह हे या विभागातील प्रमुख कारागृह होय. पैठण येथे खुले कारागृह आहे. अशा कारागृहात बंदी दिवसा शेतीकामावर असल्याने वर्ग भरविण्यास संध्याकाळच काय ती उरते.

राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला. त्याचा रोख १५ ते ३५ वयोगटावर होता. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाल्यानंतर शालेय प्रमाणपत्र नसलेल्या बंद्यासही पूर्वतयारी परीक्षेद्वारे पदवीपर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. आदर्श कारागृह नियमावलीत शिक्षणातील कामगिरीबद्दल व सहबंद्यांना शिकविल्याबद्दल शिक्षेत खास सूट देण्याची शिफारस आहे. सुटीच्या लोभाने कोणी वर्गात बसत असेल, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. शाळेतील मुलेही निव्वळ ज्ञानलालसेने येत नाहीत.

या व्यवस्थेचा खरा लाभ दीर्घ मुदतीच्या शिक्षाबंद्यांस होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सु. तीन चतुर्थांश बंदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले होते, तर सर्व बंद्यांपैकी सु. एक चतुर्थांश निरक्षर होते. साक्षरता अभियानाचा पाठ्यक्रम सु. २०० तासांचा होता. कच्च्या बंद्याचा जामीन केव्हा होईल किंवा त्याची बदली कोठे होईल, हे निश्चित नसते; शिवाय न्यायालयाच्या तारखेस वर्ग बुडतो. त्यामुळे बाराखडी अर्धवट राहिलेला बंदी पुढील कारागृहात गेल्यास त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो. (⟶ कारागृह, प्रौढशिक्षण).