भुईकोट किल्ल्यातील सहबंदी

१९४२ च्या ‘चलेजाव’ लढ्यात काँग्रेस कार्यसमितीचे बारा नेते अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. ते सर्व एकमताचे होते, असे मात्र नव्हे. लढ्याच्या वेळेविषयी मौलाना आझाद व पंडित नेहरू साशंक होते; सरदार पटेल व आचार्य कृपलानी गांधीजींच्या पाठीशी ठाम होते. आचार्य नरेंद्र देव तर कट्टर समाजवादी.

एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कोलकात्यात निवर्तल्या. तरीही त्यांनी सरकारकडे सुटकेची याचना केली नाही. १९४४ मध्ये नेहरूंनी येथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण त्यांनी मान्य केले आणि ग्रंथ सहबंद्यांनाच अर्पण केला.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९४८ मध्ये नरेंद्र देव व १९५१ मध्ये कृपलानी काँग्रेसबाहेर पडले. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला, तो कृपलानींनीच. ठराव फेटाळला गेला. ग्रंथाची अर्पणपत्रिका मात्र तशीच राहिली. मतभेद असले तरी मनभेद नसावा, ही शिकवण नगरच्या या तटबंदीआड अनुभवातून सिद्ध झाली आहे.