ध्येयगीते आणि लोकप्रियतेचे पायदान : नौपाड्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर सांस्कृतिक इतिहासाचे साधन म्हणून चित्रपटगीताकडे आपण अभावानेच पाहतो. प्रस्तुत लेखात ध्येयप्राप्ती हा विषय असलेली गीते व त्यांची लोकप्रियता मोजण्याची रीत यांचा संबंध तपासला आहे. संदर्भासाठी ठाण्यातील नौपाडा हा परिसर घेतला आहे. लोकलने मुंबईच्या कचेऱ्या गाठणारा आणि मुलांच्या शिक्षणातच आपले ध्येय पाहणारा मराठी मध्यमवर्ग येथे दीर्घकाळ नांदला.

मोजणीची रीत :

केंद्रीय नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत (१९५२-६२) आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताला कात्री लागली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. तेथे १९५२ मध्ये सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'त अमीन सयानी दर बुधवारी रात्री गीतांचे 'पायदान' जाहीर करीत. क्रमवारीस आधार असे तो तबकड्यांच्या खपाचा व श्रोतासंघांच्या पत्रांचा. म्हणजे मोजली जात होती ती विक्री आणि तात्कालिक आवड. गीत किती वर्षे गायिले गेले, कोणी व कशासाठी गायिले, हे या रीतीत कोठेच उमटत नाही.

१९७४ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी 'इम्तिहान' चित्रपटात मजरूह सुलतानपुरी यांचे 'रुक जाना नहीं' हे गीत किशोरकुमार यांनी गायिले. त्याच वर्षीच्या वार्षिक यादीत प्रथम क्रमांक मिळाला तो 'मेरा जीवन कोरा कागज़' या गीताला. गायक तेच, भाव मात्र सर्वस्वी निराशेचा. या यादीवरून १९७४ चा श्रोता हताश होता असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. दुःखाचे गीत एकट्याने ऐकण्यासाठी विकत घेतले जाते. धीराचे गीत परीक्षा, निरोपसमारंभ, स्नेहसंमेलन अशा प्रसंगी पुन्हा पुन्हा हाताशी येते. त्याची मोजदाद दुकानात होत नाही.

मराठी ध्येयगीते :

गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची असल्याने मराठी गीतांना त्यात प्रवेशच नव्हता. त्यांची लोकप्रियता 'आपली आवड'सारखे आकाशवाणीचे कार्यक्रम, गणेशोत्सव आणि वाद्यवृंद यांतूनच शोधावी लागते. येथे एक बदल ठळकपणे दिसतो. चीनच्या आक्रमणानंतर आलेल्या 'छोटा जवान' (१९६३) मधील ग. दि. माडगूळकरांच्या 'जिंकू किंवा मरू' या गीतात ध्येय राष्ट्राचे आहे व गाणारा समूह आहे. 'आराम हराम आहे' (१९७६) मधील 'आकाशी झेप घे रे पाखरा' या गीतात संबोधन एकट्या पाखराला आहे. ते लिहिणारे जगदीश खेबुडकर व्यवसायाने शिक्षक होते, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. 'इम्तिहान'चा नायकही प्राध्यापकच आहे. तेरा वर्षांत ध्येय रणांगणावरून सुरक्षित पिंजरा सोडण्याच्या वैयक्तिक निर्णयापर्यंत आले. कायम नोकरी हेच ज्यांच्या घरी साध्य होते, त्यांना हे गीत प्रिय व्हावे यात एक विसंगती आहे. बहुधा ते स्वतःसाठी नसून मुलांसाठी गायिले जात असावे.

ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषविलेले जनकवी पी. सावळाराम यांची कीर्ती मात्र ध्येयगीतांवर नव्हे, तर लेक, माहेर व भक्ती यांच्या गीतांवर उभी राहिली. त्यांच्या नावाने महानगरपालिका पुरस्कार देते. अर्थात हाही लोकप्रियतेचा एक पुरावाच होय, आणि तोही कोणत्या पायदानावर नोंदलेला नाही.

साधनांचा प्रश्न :

नौपाड्यातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास वेगाने चालू आहे. घर रिकामे करताना तबकड्या, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, हाताने उतरवलेल्या गाण्यांच्या वह्या रद्दीत जातात. वरील अनुमान पडताळून पाहता येईल अशी साधने हीच. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी व शाळांच्या ग्रंथालयांनी त्यांचे संकलन इमारती रिकाम्या होण्यापूर्वी हाती घ्यावयास हवे, आणि त्याची सुरुवात शाळांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांपासून करणे सर्वांत सोयीचे ठरेल.