दहा सेंटीमीटर पाणी: सीपॅपच्या प्रेशरची गोष्ट

आजचा भाग एका आकड्याच्या इतिहासावर आहे. झोपेत श्वास अडकणाऱ्या पेशंटला डॉक्टर सीपॅप मशीन देतात. त्याच्या स्क्रीनवर ८, १०, १२ असं काहीतरी दिसतं. मशीन बाबांचं किंवा आजोबांचं असतं, पण "बघ रे जरा, याचं प्रेशर कमी होतंय का" म्हणून ते आपल्याकडेच येतं. कारण घरातला मोबाईल, टीव्ही, वायफाय सगळं आपणच बघतो. तर हात लावायच्या आधी हा आकडा आला कुठून ते ऐका.

आधी त्याचं माप. कुरुळीहून चाकणकडे जाताना पुणे-नाशिक हायवेला गाडीत हवा भरली, तर मीटरवर पीएसआय दिसतं. कारच्या टायरला साधारण ३२. सीपॅपचा आकडा मात्र 'सेंटीमीटर पाणी' या मापात असतो. एक नळी बादलीतल्या पाण्यात १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडा बाहेर यायला जेवढा जोर लागतो, तेवढा दाब म्हणजे १०. पीएसआयमध्ये हा फक्त ०.१४ भरतो. टायरच्या सव्वादोनशेव्या भागाएवढा!

एवढ्याशा हवेने काय होतं? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वास आत ओढताना घशातला दाब कमी होतो आणि सैल भिंती एकमेकींना चिकटतात. ओल्या झालेल्या कागदी स्ट्रॉने लस्सी ओढली की ती चपटी होते ना, तसंच. सीपॅप नाकातून सतत हवेचा दाब देतं आणि ही नळी आतून उघडी धरून ठेवतं. फुप्फुसं पंपासारखी भरणं हे त्याचं काम नाही. श्वास पेशंट स्वतःच घेतो.

आता इतिहास. झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबतो, हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या दोन टीमनी वेगवेगळं नोंदवलं. त्याआधी आणि नंतरही लोक घोरण्याला गाढ झोपच समजत होते. आपल्याकडे अजून समजतात. आजार कळला, पण पुढची कितीतरी वर्षं गंभीर पेशंटसाठी खात्रीचा उपाय एकच होता: ट्रॅकिऑस्टॉमी. म्हणजे मानेला भोक पाडून श्वासनलिका थेट बाहेर उघडायची. उपाय लागू पडायचा, पण आयुष्यभर गळ्यात नळी कोणाला हवी असणार?

दरम्यान १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांच्या टीमने कमी दिवसांच्या बाळांची फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सततचा दाब वापरला. मोठ्यांच्या घशासाठी तीच कल्पना वापरली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी. १९८० मध्ये ट्रॅकिऑस्टॉमी नको असलेला एक पेशंट त्यांच्याकडे होता. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीसारखा ब्लोअर, एक नळी आणि नाकावर बसवलेला मास्क, एवढंच सामान. दाब हळूहळू वाढवत नेला तसा एका आकड्याला घसा उघडला आणि माणूस शांत झोपला. दाब कमी केला की घसा पुन्हा बंद. अगदी स्विचसारखं.

एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा पेपर आला. पेशंट फक्त पाच, आणि त्यांना लागलेला दाब ४.५ ते १० सेंटीमीटर. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की आजार एकच, मशीन एकच, तरी एकाच आकड्यावर सगळ्यांचं भागलं नाही. प्रत्येकाच्या घशाचा आकडा मोजूनच काढावा लागला.

त्या मोजण्याला आज टायट्रेशन म्हणतात. स्लीप लॅबमध्ये रात्रभर सेन्सर लावून ४ पासून सुरुवात करतात आणि श्वास अडकतोय असं दिसलं की थोडं थोडं वाढवत नेतात. मोठ्या माणसांना सीपॅपवर जास्तीत जास्त २०. नव्वदच्या दशकात बायपॅप आलं, ज्यात श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब असतो. मग ऑटो मशीन आलं. ते दर श्वास तपासून डॉक्टरांनी ठरवलेल्या किमान-कमाल हद्दीत स्वतःच दाब बदलतं. रात्रीतून आकडा वर-खाली होताना दिसला तर बहुतेक वेळा तो बिघाड नसतो.

"हे सगळं परदेशातलं" म्हणाल, तर मुंबईचं ऐका. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हेल्थ चेकअपला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता. ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाही झोप यायची. आपल्या पट्ट्यात अशी झोप घेऊन माणूस कंटेनरच्या गर्दीतून बाईक चालवत शिफ्टला जातो. म्हणून आकडा बरोबर असणं महत्त्वाचं.

दाब कमी पडला तर मशीन लावूनही घसा बंद होत राहतो. जास्त झाला तर मास्कमधून हवा गळते, पोटात हवा जाऊन फुगतं, आणि काहींच्या बाबतीत मेंदूच मधेमधे श्वासाचा हुकूम देणं थांबवतो. त्यामुळे शेजारच्या काकांना १२ चालतं म्हणून बाबांनाही १२, असं करायचं नाही.

मग आपण काय बघायचं? मास्क नीट बसतोय का, लीक किती आहे. सुरुवातीला हवा जोरात वाटत असेल तर रॅम्प चालू आहे का. रॅम्पमुळे दाब हळूहळू चढतो. आणि एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला. मशीन लावल्यावर तो ५ च्या खाली हवा. वर राहत असेल, तर सेटिंगमध्ये न शिरता मशीनचं कार्ड किंवा अ‍ॅपमधला रिपोर्ट घेऊन बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा. सुलिव्हननी जे रात्रभर पेशंटजवळ बसून पाहिलं, ते आज त्या रिपोर्टमध्ये रात्रीगणिक लिहिलेलं असतं. डॉक्टरांना तेच बघायचं असतं.