मातीने रंगवलेल्या बाटल्या

हैदराबादच्या बरकतपुरा भागात आमचे एक आप्त राहतात. शेजारचे जुने घर पाडून अपार्टमेंटसाठी पाया खणला तेव्हा मातीतून काही बाटल्या निघाल्या. मजुरांनी त्या भंगारवाल्यासाठी बाजूला काढल्या होत्या. आमच्या आप्तांनी दोन मागून घेतल्या. त्यांतली एक उन्हात धरली की मोरपिसासारखी दिसते. निळी, जांभळी, मध्येच सोनेरी. हा निजामाच्या काळातला रंग, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

खरे तर हा रंगच नव्हे. वाळू, सोडा आणि चुना वितळवून काच होते. ओल्या जमिनीत पडून राहिली की तिच्यातला सोडा पाण्याबरोबर हळूहळू निघून जातो आणि वर सिलिकाचे अतिशय पातळ पापुद्रे उरतात, कांद्यासारखे एकावर एक. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसते तेच हे. म्हणजे काचेची झीजच. पण जमिनीतून निघालेल्या रोमन काचेवर ती इतकी देखणी दिसे की १८९० च्या दशकात अमेरिकेत लुई टिफनीने नव्या काचेला मुद्दाम तशी झळाळी आणली.

झिजेवरून बाटलीचे वय सांगता येत नाही. माती, ओलावा, काचेची प्रत, सगळ्यावर ती अवलंबून. वयाबद्दल बोलतो तो साच्याचा सांधा. ही रेघ मानेशी थांबली असेल तर तोंड हाताने घडवलेले. ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्राची. ओवेन्सचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचे, पण हातकाम पुढेही चालू होते, तेव्हा इथेही घाई नको. गोटी सोड्याची बाटली लंडनच्या हायरम कॉडची, १८७० च्या दशकातली. आतल्या वायूचा दाब गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर रेटून धरतो. गोटीसाठी बाटल्या फोडणारी मुले सगळीकडेच असावीत! मग स्वदेशीच्या दिवसांत माणशी वर्षाला एक पैसा मागणाऱ्या पैसा फंडाने तळेगावला १९०८ साली काच कारखाना काढला, आणि १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा उभा राहिला. आपल्या गोव्यात मात्र जुनी काच म्हटली की फेणीचा पोटफुगा गराफांवच आठवतो. त्याचे नावसुद्धा पोर्तुगीज.

अशी बाटली हाती आली की राख आणि काथ्या घेऊन घासायची बुद्धी होते. कोणी अॅसिडही वापरतात. पापुद्रे सुटतात आणि खाली धुरकट, खरबरीत काच उरते. मला त्याहून मोठे वाटते ते दुसरे नुकसान. बाटली किती खोलीवर होती, तिच्याबरोबर काय निघाले, हे कोणी टिपून ठेवत नाही. त्याच थरात एखादे नाणे असते तर तिच्या वयाचा काही अंदाज आला असता.

कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या वस्तूची खबर कलेक्टरला द्यावी असे लिहिले आहे. आजच्या दहा रुपयांत सोड्याची भरलेली बाटलीही जेमतेम येते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला वस्तू साधारणपणे शंभर वर्षांची लागते, पण खड्ड्याच्या काठावर उभ्या मुकादमाला ती शंभराची की साठाची हे कसे कळावे?

कायद्याची वाट न पाहता हे काम करणारा एक माणूस त्याच निजामाच्या राज्यात होता. तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. ग्रीक प्रवासवर्णनातले तगर ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून पावसाने उघड्या पाडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या. मणी, नाणी, मृण्मूर्ती. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने आहे. तिथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेईच्या राखेत १९३८ साली तशाच घडणीची मूर्ती सापडली, तेव्हा अभ्यासकांना ती तेरच्या मूर्तीशेजारी मांडून पाहता आली. कारण ती तेरची आहे हे पक्के ठाऊक होते.