पत्रास कारण नाही

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्या पूर्वजांच्या काळी फ्लॅट विकत मिळत नसत. नाहीतर त्यांनी म्हण जराशी वाढवली असती. घर विकत घेतल्याशिवाय आपण जगाला किती हवेहवेसे आहोत, हे माणसाला कळत नाही. सावेडीत आम्ही फ्लॅट घेतला. सख्ख्या मावशीला कळवायचं राहिलं होतं, पण डासांची जाळी बसवणाऱ्यांना, पाणी शुद्ध करणाऱ्यांना, विमेवाल्यांना आणि 'आपल्या वास्तूत दोष आहे' हे वास्तू न बघताच सांगणाऱ्या एका सद्गृहस्थांना बातमी केव्हाच लागली होती. जिन्याखालची पत्रपेटी पहिल्या आठवड्यातच भरली. "आपल्या लग्नातसुद्धा एवढी अभिनंदनाची पत्रं आली नव्हती," असं सौभाग्यवतींनी नोंदवून ठेवलं.

आता या मंडळींना कळतं कसं? वाटा पुष्कळ आहेत. प्रदर्शनात सोडतीसाठी भरलेली चिठ्ठी, बारीक अक्षरातल्या अर्जावर केलेली सही, एका दुकानात सांगितलेला फोन नंबर. पण सगळ्यात जुनी वाट खुद्द कायद्यानंच मोकळी ठेवली आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखताची सूची कुणालाही फी भरून पाहता येते. आपण जिला प्रेमानं 'इंडेक्स टू' म्हणतो, तीच ही. ऐकून राग येतो खरा. पण आमच्या वकिलांनी या घराचा तीस वर्षांचा 'सर्च' घेतला, तो याच उघड्या दारातून. दार बंद असतं, तर एकच फ्लॅट तिघांना विकण्याची कला फारच भरभराटीला आली असती. म्हणजे ज्या दारातून आमची फसवणूक टळली, त्याच दारातून आमचं नाव बाहेर जाऊ शकतं. बघणारा कशासाठी बघतो, हे सूची विचारत नाही.

नको असलेल्या पत्राचा इतिहास मात्र इंडेक्स टूच्याही आधीचा आहे. इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्यालाच मोजावे लागत. त्यामुळे नको ते पत्र परत करणं सोपं होतं. खिशात हात घालायचा नाही, की झालं! रोलंड हिल या गृहस्थानं ही रीत उलटी केली. पैसे लिहिणाऱ्यानं आधी भरायचे, तिकीट चिकटवायचं आणि अंतर कितीही असलं तरी दर एकच. आपल्याकडे हाच नियम १८५४ साली आला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की पेशावरला! गरिबाला पत्र परवडू लागलं, हा फार मोठा उपकार. पण त्याच दिवशी व्यापाऱ्यालाही कळलं, की आता अनोळखी माणसाच्या घरात अर्ध्या आण्यात शिरता येतं. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, तेव्हा ते आणखी स्वस्त झालं.

याचा पहिला गाजलेला बळी मात्र लंडनचा. मे १८६४ मध्ये तिथल्या काही बड्या लोकांच्या घरी संध्याकाळी तारा आल्या. तार म्हटलं की त्या काळी काळजात धस्स व्हायचं. कापऱ्या हातानं उघडून बघतात तो काय, एका दातांच्या दवाखान्याच्या वेळा! एकानं संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. दवाखान्याची जाहिरात त्यामुळे दुप्पट झाली असणार, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे त्या मानानं दातांपेक्षा देवांचा जोर. सत्तरच्या दशकात, 'जय संतोषी माँ' हा सिनेमा लागला त्या १९७५ च्या सुमारास, अमुक इतकी कार्डं पुढे न पाठवल्यास अनर्थ होईल, अशी कार्डं घरोघर येत. नास्तिक माणूससुद्धा "उगाच कशाला विषाची परीक्षा?" म्हणत पोस्टात रांग लावी. अशा कार्डांच्या गर्दीतच कोपरा फाडलेलं एखादं कार्ड असे. तो फाटका कोपरा दिसला की घर मजकूर न वाचताच गप्प होई. अनाहूत टपालाची खरी भीती मला हीच वाटते. कचऱ्याचं काय, तो टाकता येतो. कचऱ्यात खरं पत्र गेलं तर?

खरं पत्र चुकू नये, म्हणून तर एका मराठी माणसानं आयुष्यातला वेळ घातला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्याचे अधिकारी. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या आणि डॉक्टरी वळणाचं हस्ताक्षर यांवर उपाय म्हणून त्यांची पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. सावेडीचा पिन ४१४००३. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आकडे तेच राहिले. जाळीवाल्यांची पत्रकं दोन्ही नावांनी येतात आणि दोन्ही अचूक पोचतात!

उपाय आहेत. फोनवरच्या जाहिरातींसाठी १९०९ वर नोंद करता येते. नावानं आलेलं टपाल नको असेल, तर 'घेण्यास नकार' म्हणून पोस्टमनकडे परत देता येतं. फक्त दाराच्या फटीतून सरकवलेल्या पत्रकाला नकार द्यायचा कुणाकडे, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि अशा वेळी मला आपल्या गावचा किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी तिथे ज्यांना आणून ठेवलं, त्यांत नेहरूंबरोबर मौलाना आझाद होते. आझाद पहाटे उठून, चहा घेत, एका स्नेह्याला लांबलचक पत्रं लिहीत. पण ती टपालात कधी पडली नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हाही ते इथल्याच भिंतींच्या आत होते. ती पत्रं सुटकेनंतर, १९४६ साली, 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकाच्या रूपानं लोकांसमोर आली. ज्याच्याकडे सांगण्यासारखं एवढं होतं, त्याच्या पत्राला याच गावातून वाट नव्हती. आणि ज्यांना मला फक्त जाळी विकायची आहे, त्यांची वाट सहा आकड्यांत बिनचूक आखून दिलेली!

तेव्हा गेल्या रविवारी मी पत्रकांचा गठ्ठा रद्दीत घातला आणि एक पोस्टकार्ड घेऊन मावशीला लिहायला बसलो. 'सा. न. वि. वि., पत्रास कारण की, आम्ही घर घेतलं. तुला काहीही विकायचं नाही.'