तणाच्या पोटचे पीक

मोहरी म्हटली की आपल्याला फोडणीचा डबा आठवतो. कॅनडात मात्र तिच्याच कुळातील रेपसीड हे तेलाचे मोठे पीक. १९७४ साली बाल्डर स्टेफान्सन यांच्या प्रयत्नाने 'टॉवर' हा वाण आला. त्याच्या तेलातील इरूसिक आम्ल आणि पेंडीतील उग्र द्रव्ये अगदी थोडी होती. अशाच वाणांना पुढे कॅनोला हे नाव पडले. परंतु शेतात एक भाऊबंद उभाच होता, रानटी मोहरी! पीक आणि तण एका कुळातले. एकाला मारणारे औषध दुसऱ्यालाही मारी. शिवाय रानटी बी मालात मिसळले, की कष्टाने सुधारलेले तेल पुन्हा बिघडे.

उपाय सापडला तो तणापाशीच. मक्याच्या शेतात ॲट्राझीन हे तणनाशक वर्षानुवर्षे वापरले जाई. क्वेबेक प्रांतात रेपसीडच्या नात्यातले एक तण त्याला दाद देईना. सूझा मशाडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखविले, की हा गुण केवळ आईकडून येतो. तो हरितकणांत असतो, आणि हरितकण पित्याच्या परागातून उतरत नाहीत. आपण वंश सांगतो बापाचा. येथे सारे बळ आईच्या ओटीत!

मग गुएल्फ विद्यापीठातील बेव्हर्सडॉर्फ प्रभृतींनी तणाला आई केले आणि तिच्या लेकीनातींवर पिढ्यान्‌पिढ्या रेपसीडचाच पराग घातला. बाकीचे गुण पिकाचे होत गेले, हरितकण तेवढे तणाचे राहिले. १९८४ साली 'ओएसी ट्रायटन' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

आता याची किंमत पाहू. आम्हांला या इतिहासाचे मर्म तेथेच वाटते. हरितकणातील एका प्रथिनात २६४व्या स्थानी सेरीनऐवजी ग्लायसीन आले, की ॲट्राझीनला तेथे चिकटता येत नाही. पण सूर्यप्रकाशापासून अन्न करण्याच्या कामातील एक दुवाही त्याच जागी आहे, आणि तोही मंदावतो. उत्पन्न सुमारे २० ते ३० टक्के घटे. रानटी मोहरी माजलेल्या शेतात हा वाण परवडे; स्वच्छ शेतात तो पेरणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. हा हिशेब ज्याचा त्याने बांधावर उभे राहून करायचा होता.

१९९५नंतर कॅनडात जनुक घालून केलेले तणनाशक सोसणारे वाण आले आणि ट्रायटनचे कुळ तेथे मागे पडले. ऑस्ट्रेलियात मात्र १९९३ साली त्याच मातृवंशाचा 'सायरन' आला. तेथील शेतांत रानमुळा इतका माजलेला, की कमी उत्पन्न पत्करूनही शेतकऱ्यांनी हे वाण पेरले.