हसवणाऱ्याचे कोण ऐकते?

दिवाळी झाली, की आमच्या मूलच्या चौकातल्या भिंती आणि पानठेले नाटकांच्या पोस्टरांनी भरून जातात. पोस्टर वाचायचीही एक पद्धत आहे. बाहेरचा माणूस आधी नाटकाचे नाव वाचतो. आमच्याकडचा शेतकरी मात्र सायकल थांबवतो आणि पहिल्यांदा बघतो, विनोदी कोण आहे. नायक कुणी का असेना, नाटक कौटुंबिक असो की सामाजिक, विनोदी नट चांगला असला तर तो घरी जाऊन सांगतो, पाहुण्यांना निरोप धाडा. आज मला बोलायचे आहे ते या विनोदी नटाबद्दल. तो काय करतो हे हजारो माणसे रात्रभर जागून बघतात. पण तो काय बोलतो, म्हणजे रंग पुसल्यावर काय बोलतो, आणि कुणाशी, हा माझा आजचा विषय आहे.

ज्यांनी झाडीपट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की गावोगावी मंडई भरते. पूर्वी तिच्या जोडीला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, हमखास असायच्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा तो जोड. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे येतात, सोयरिकीही जुळतात. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. कंपन्यांचे मुख्य ठाणे म्हणजे वैनगंगेपलीकडचे वडसा, अर्थात देसाईगंज. तिथे कंपन्यांची कार्यालये आहेत आणि गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला, त्यात हे जग पडद्यावर दिसले.

हे सगळे अचानक उगवलेले नाही. आधी दंडार होती, खडी गंमत होती. खडी गंमतीत बाईचे कामही पुरुषच करायचा. वाद्ये मागे उभी, प्रेक्षक भोवती, आणि पडदा नाहीच. तिथे विनोद करणाऱ्याला लिहिलेला कागद ठाऊक नव्हता. समोर पाटील बसला असेल तर पाटलावर, सावकार दिसला तर सावकारावर, असा त्याचा धंदा. पुढे मंच आला, पडदे आले, लिहिलेली संहिता आली आणि तिच्याबरोबर विंगेत बसणारा प्रॉम्प्टर आला. पण विनोदी नटाने आपला जुना हक्क सोडला नाही. लेखक चार वाक्ये लिहितो, तो चाळीस बोलतो. नायक-नायिका पुस्तकातले मराठी बोलतात आणि विनोदी नट झाडीबोलीत शिरतो. या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ नाही. डोळ्याचा ‘डोरा’ होतो. त्याच्या तोंडून पहिला ‘डोरा’ बाहेर पडला, की मागच्या रांगेतली म्हातारी जागी होते. हा आपला माणूस, हे तिला कळते.

आता एक गंमत बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत नाटकांतही हीच व्यवस्था होती. राजा संस्कृतात बोलायचा, विदूषक प्राकृतात. आणि तो नुसता हसवायला नव्हता. राजाला मनातले बोलायला दरबारात दुसरा माणूसच नसे. शाकुंतलातला दुष्यंत शकुंतलेबद्दल बोलतो ते माधव्याशी. पुढे विरहाने खचतो तेव्हाही जवळ हाच असतो. म्हणजे आपल्याकडे विदूषकाचे पहिले काम ऐकण्याचे. पण माधव्याच्या मनात काय होते? त्याचे घर कुठे, तो रात्री कुणाशी बोलत होता? कालिदासाने ते लिहिलेले नाही. लिहायची गरज कुणालाच वाटली नाही, आणि मला वाटते आजही फारशी वाटत नाही.

युरोपात एकदा तसा प्रयत्न झाला. जोसेफ ग्रिमाल्डी हा लंडनचा विदूषक. साऱ्या शहराला त्याने हसवले. उड्या मारून मारून शरीर मोडले, मुलगा आणि बायको त्याच्या आधी गेली, आणि १८३७ साली तो एकटाच वारला. त्याच्या आठवणींचे बाड प्रकाशकाने एका तरुण लेखकाकडे दिले. त्या लेखकाचे नाव चार्ल्स डिकन्स. पुस्तक १८३८ साली निघाले. डिकन्ससारखा लेखक मिळाला हे ग्रिमाल्डीचे भाग्यच, पण दोघे समोरासमोर बसून बोललेच नाहीत. एक गेल्यावर दुसऱ्याने कागद नीट केले.

मराठीत हे समोरासमोर घडले ते दादा कोंडके यांच्या बाबतीत. दादांची आत्मकथा ‘एकटा जीव’. दादांनी सांगितली, अनिता पाध्ये यांनी शब्दांत आणली. नाव वाचून कुणाला १९७२ चा ‘एकटा जीव सदाशिव’ आठवेल आणि वाटेल, दादांनी इथेही कोटीच केली. पण पुस्तक उघडले की हसू थांबते. गिरणगावातला पोरगा, घरातली जवळची माणसे थोड्या काळात एकापाठोपाठ एक गेलेली, बँडपथक, सेवादलाचे कलापथक. मग वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’. १९६५ साली ते रंगमंचावर आले आणि पुढे त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. सबनीसांनी वग लिहिला, दादांनी त्यात रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी घुसवली. लेखक आणि विनोदी नट यांची अशी जोडी विरळाच. सबनीसांना हेवा वाटला नाही, ही मला त्यांच्या लेखनाइतकीच मोठी गोष्ट वाटते. पुढे ‘सोंगाड्या’ आला, एकापाठोपाठ एक चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. आणि हे सगळे मिळवलेला माणूस पुस्तकात मोडलेल्या संसाराबद्दल, फसवणुकीबद्दल आणि रिकाम्या घराबद्दल बोलतो, काही ठिकाणी स्वतःला न सोडता. ज्यांनी त्यांच्या द्व्यर्थी संवादांना नाके मुरडली त्यांनीही हे पुस्तक वाचले. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले.

हे दादांना साधले, कारण समोर ऐकणारे कुणी होते. लेखणी हातात असलेले आणि न हसता ऐकणारे.

आमच्या झाडीपट्टीचेही एक दादा कोंडके आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले गुरनोलीचे परशुराम खुणे. लोकांनीच त्यांना हे नाव दिले. आठशे नाटके, पाच हजारांवर प्रयोग. मूळचे शेतकरी. ‘एकच प्याला’मधला त्यांचा तळीराम ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक विनोदी नटाला वाटले, की आपल्याच छातीवर काहीतरी लावले गेले.

तळीरामाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. हे पात्र हसवत हसवत सुधाकराच्या हाती प्याला देते आणि शेवटी स्वतःही दारूपायीच मरते. ते लिहिणारे गडकरी ‘बाळकराम’ या नावाने महाराष्ट्राला हसवत होते. आणि ते गेले कुठे, तर आपल्या विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. वय अवघे ३३. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. आपला तळीराम लोकांना कसा हसवतो, हे त्यांनी पाहिलेच नाही.

आता मी माझ्यावर येतो. मी शिक्षक होतो आणि १९८० नंतरची काही वर्षे हिवाळ्यात प्रॉम्प्टिंग करायचो. दोन-तीन नाटकेही लिहिली. ती विसरण्यासारखीच होती. आमच्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरचे महत्त्व फार. आज या गावी, उद्या त्या गावी, कधी ऐनवेळी नट बदललेला. पाठांतराला वेळ कुठला? त्यामुळे रात्रभर नटाच्या कानाशी लागून असतो तो प्रॉम्प्टरच. नटाचा श्वास कधी अडकतो, आवाज कधी पडतो, हे त्याच्याइतके कुणाला कळत नाही.

आमच्याबरोबर एक विनोदी नट होता. त्याचे नाव सांगत नाही, घरची माणसे आहेत. वयाने माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मास्तर. प्रयोग संपला की आम्ही भाड्याच्या मेटॅडोरमधून परतायचो. सिंदेवाहीकडून मूलकडे येताना जंगल लागते. पहाटेचा गारठा, मागे पडद्यांच्या गुंडाळ्या, त्यांवर झोपलेले वाजंत्री. जागे आम्ही दोघेच. एकाला डोक्यातले हशे झोपू देत नव्हते आणि दुसऱ्याला गळ्यातली खरखर.

त्या गाडीत तो बोलायचा. मंचावर ज्याच्या तोंडाला लगाम नव्हता तो इथे शब्द शोधत बोलायचा. नाइट किती मिळाली, उधारी किती, धानाला भाव नाही, हे आधी. मग हळूहळू बाकीचे. घरात मी बोलत नाही, म्हणायचा. बायको म्हणते, जगाला हसवता आणि इथे तोंडाला कुलूप. तिला काय सांगू, शिल्लकच काही उरत नाही.

एका पहाटे त्याने सांगितले ते मी विसरलेलो नाही. त्याचा थोरला भाऊ वारला होता. अंत्यविधीनंतर रिवाजाप्रमाणे चार माणसे बोलली, मग याला म्हणाले, तू बोल. तो उभा राहिला.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘माज्या भावाच्या मातीतई लोकं हासले. मी फकत ‘भाऊ चांगला होता’ इतलंच बोल्लो.’

लोक वाईट नव्हते. त्यांना सवय होती. तो उभा राहिला की हसायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. दोघा-तिघांना हसू फुटले आणि त्यांनी ते धोतराच्या सोग्यात लपवले. पण त्याने ते ऐकले. तीस वर्षे हशा ऐकायलाच तर त्याचा कान तयार झालेला होता.

मी काय बोललो? काहीच नाही. केळझरच्या बाजूला उजाडायला लागले होते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, मास्तर, माझ्यासाठी एखादा प्रवेश लिही ना, ज्यात मी रडतो. मोठा नको. पाच मिनिटांचा. मी हो म्हणालो.

लिहिला नाही. कंपनीच्या मालकाला विचारले तर तो म्हणाला, विनोदी रडला तर लोक पैसे परत मागतील. ते कारण मला सोयीचे वाटले. मग हंगाम संपला, पुढच्या वर्षी माझी बदली झाली, प्रॉम्प्टिंग सुटले. तो पुढेही बरीच वर्षे कामे करत राहिला. २०२० च्या हिवाळ्यात करोनाने मंडया ओस पडल्या तेव्हा तो फार थकला होता, आणि त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

आज झाडीपट्टीवर चांगले काम होते आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी बोलीसाठी आयुष्य घातले. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येपर्यंतचे विषय या मंचावर आणले. नाटकांची नावे, लेखकांची नावे, सालवार याद्या हे सगळे जमते आहे. पण गाडीतले बोलणे कुणाकडे आहे? ज्यांच्याकडे आहे ते प्रॉम्प्टर, पेटीवाले, तबलजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. हातात ध्वनिमुद्रण करणारा फोन असलेल्या तरुणांनी एखाद्या जुन्या विनोदी नटाच्या अंगणात जाऊन बसावे, आणि त्याला नक्कल करून दाखवायला सांगू नये. बाकी तो आपणच सांगेल.

माझ्याकडे त्या काळातली प्रॉम्प्टिंगची एक वही उरली आहे. परवा काढून बघितली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत. त्याच्या संवादांपुढे समासात मी पेन्सिलीने जागोजाग एकच शब्द लिहून ठेवला आहे, ‘थांब’. म्हणजे हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य द्यायचे नाही. पहिल्या अंकात तो शब्द सतरा वेळा आहे. शेवटच्या पानाच्या मागे त्याच्याच हातचा हिशेब आहे, चहा, विडी, मेटॅडोरचे भाडे, आणि खाली माझ्याकडून घेतलेले दोन रुपये, परत केल्याची खूण करून.